अण्णांचा गोल्डन बॅरल निवडुंग पनवेलच्या पावसात बुडाशी तपकिरी पडलाय, वाचवायला मदत हवी

सोलापूरची_लेक · २३ जून

नमस्कार मंडळी,

आमच्या अण्णांनी १९९९ साली सोलापुरात लिंबाएवढा एक गोल्डन बॅरल निवडुंग आणला होता. घरात त्याला सगळे ‘गोळा’ म्हणायचे. दर पाडव्याला गुढी उभारून झाली की अण्णा शिवणाची टेप घेऊन त्याचा घेर मोजायचे आणि वहीत लिहून ठेवायचे. पहिली नोंद १४ सेंटिमीटरची आहे, शेवटची १०७. त्याला फूल आलेलं बघायचं होतं त्यांना. गेल्या श्रावणात अण्णा गेले. सोलापूरचं घर विकलं आणि फेब्रुवारीत मी गोळा टेम्पोतून पनवेलला आणला.

तिकडे तो अंगणात मातीच्या कुंडीत होता. इथे तिसऱ्या मजल्याची पश्चिमेकडची बाल्कनी आहे. जुनी कुंडी वाटेत फुटली म्हणून जवळच्या एका नर्सरीतून मोठ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत लावून घेतला. माती त्यांचीच, तयार. आठवड्याला एकदा पाणी द्या म्हणाले, तसं देत होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला, बाल्कनीत झड येते. परवा पाहिलं तर बुडापासून चार बोटं तपकिरी झालाय आणि एका बाजूला किंचित कललाय. फोटो टाकलेत.

मी आजवर तुळस आणि कढीपत्ता एवढंच सांभाळलंय. सांगाल ते करीन.

मुरूमप्रेमी (पुणे) · २३ जून

ताई, पाणी आजपासून बंद करा आणि कुंडी भिंतीकडे सरकवा. बाकीचं नंतर.

बुडाचा तपकिरी रंग दोन तऱ्हेचा असतो. निवडुंग वयात आला की खालची कातडी झाडाच्या सालीसारखी खडबडीत, वाळकी, टणक होते. ते म्हातारपण आहे, रोग नाही. पंचवीस वर्षांच्या झाडाला ते असायलाच हवं. कूज वेगळी असते. तिथला रंग ओलसर दिसतो, कडेला पिवळसर पाणीदार पट्टा असतो, दाबलं की बोट आत जातं, कधी आंबूस वास येतो.

चमच्याची दांडी घ्या आणि तपकिरी भागावर सगळीकडून दाबून बघा. कुठे टणक, कुठे मऊ ते लिहा. तयार माती म्हणजे काय भरलंय तेही बोटाने उकरून सांगा. कललाय हे मला जास्त खटकतंय. वीस किलोचं झाड उगीच कलत नाही, खालची मुळं सुटलेली असतात.

अंगण · २४ जून

वाईट वाटून घेऊ नका, पण काटेरी झाड घरात ठेवू नये असं आमच्याकडे मानतात. देऊन टाकता आलं तर बघा.

सोलापूरची_लेक · २४ जून

@अंगण, सासूबाईही सुरुवातीला तेच म्हणाल्या होत्या. अण्णांची वही दाखवली तेव्हापासून त्याच रोज सकाळी त्याच्याकडे बघून येतात. त्यामुळे तो इथेच राहील.

@मुरूमप्रेमी काका, दाबून बघितलं. तीन बाजूंनी लाकडासारखा टणक आहे. जिकडे कललाय तिकडे मातीला लागून दोन बोटं रुंद भाग मऊ आहे, दांडी रुतली. माती काळी आहे, त्यात भुसभुशीत तपकिरी काहीतरी बरंच आहे. वरून कोरडी वाटली, बोट घातलं तर आत ओलीगच्च.

मुरूमप्रेमी · २४ जून

ते भुसभुशीत म्हणजे कोकोपीट, नारळाच्या काथ्याचा भुसा. खाली काळी माती आणि वर कोकोपीट हे मिश्रण जास्वंदीला चालेल. निवडुंगाला ते ओल्या गोधडीत गुंडाळून ठेवल्यासारखं होतं. तुमची काही चूक नाही, आठवड्याचं पाणी मातीच्या कुंडीत मुरमाड मिश्रणाला ठीकच होतं. काळी माती पाणी धरते, सोडत नाही. प्लॅस्टिक कडेनेही सुकू देत नाही.

आता झाड उपटायचं, आजच. पावसाळ्यात निवडुंग हलवू नये हा नियम खरा आहे, पण कूज लागल्यावर तो नियम मोडायचाच.

जुन्या गोणपाटाची चौपदरी पट्टी करा, झाडाच्या पोटाभोवती गुंडाळा आणि दोघांनी दोन्हीकडून पट्टी धरून उचला. काट्यांना हाताने धरू नका आणि काटे मोडूही देऊ नका, मोडलेला काटा परत येत नाही. माती झाडून काढा, मुळं धुऊ नका. पांढरी किंवा फिकट तपकिरी, ताणली तरी न तुटणारी मुळं ठेवा. काळी, चिखलासारखी, ओढल्यावर साल हातात येऊन आत दोरा उरणारी सगळी कापा. मग मऊ भाग सुरीने कोरा. सुरी प्रत्येक कापाआधी स्पिरिटने पुसा, नाहीतर तुम्हीच कूज वर नेऊन ठेवाल. आतला गर स्वच्छ हिरवट-पांढरा दिसेपर्यंत कोरायचं. गरात नारिंगी किंवा तपकिरी ठिपका दिसला तर थांबू नका, आणखी एक पातळ काप घ्या. जखमेवर गंधकाची भुकटी किंवा कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक चोळा.

दापोलीकरीण · २४ जून

काकांचं सगळं बरोबर, फक्त पुढचा भाग कोकणातला सांगते. पुण्यात जखम आठ-दहा दिवसांत सुकते. आपल्याकडे आषाढात पापड सुकत नाही तर निवडुंग कुठून सुकणार? मी पहिल्या वर्षी दोन झाडं अशीच गमावली. कापली बरोबर होती, पण सावलीत कोनाड्यात ठेवली आणि जखमेवर बुरशी आली.

टेबल फॅन लावा, दिवसरात्र, मंद. रिकाम्या कुंडीच्या काठावर झाड उभंच बसवा, बूड अधांतरी, खालून वारा खेळता. आडवं ठेवलंत तर शेंडा उजेडाकडे वळतो आणि आकार बिघडतो. खिडकीजवळचा भरपूर उजेड हवा, पाण्याचा थेंब नको. महिना लागेल. दोनही लागतील. झाडाच्या पोटात पाणी आहे, ते मरत नाही.

सोलापूरची_लेक · २५ जून

काल रात्री नवऱ्याने आणि मी मिळून काढला. मुळं अर्ध्याहून जास्त गेली होती. कलला होता त्या बाजूला तर काहीच नव्हतं, म्हणूनच कलला. मऊ भाग कोरत गेले, दोनदा वाटलं झालं आणि दोन्ही वेळा नारिंगी ठिपका दिसला. शेवटी लहान वाटीएवढा खड्डा पडला. आता सगळीकडे पांढरा गर आहे. गंधक लावलं. शिवणाच्या खोलीत पंख्यासमोर बादलीवर बसवलाय.

कोरताना फार वाईट वाटलं. लिहून टाकते, कारण घरात कोणाला बोलले नाही.

दापोलीकरीण · २५ जून

वाटणारच. केलंत ते छान केलंत. पांढरा गर दिसला म्हणजे अर्धी लढाई झाली.

वैदर्भी (नागपूर) · २७ जून

मला एक कळत नाही. वाळवंटातलं झाड आहे, मग खिडकी-पंखा कशाला? गच्चीत रणरणत्या उन्हात ठेवा, दोन दिवसांत खणखणीत सुकेल.

मुरूमप्रेमी · २७ जून

@वैदर्भी, एक तर पनवेलला सध्या ऊन नाही. दुसरं, मुळं नसलेल्या झाडाला थेट ऊन म्हणजे हाल. पाणी आत येत नाही आणि कातडी भाजते. भाजलेला डाग आधी पांढरट-पिवळा, मग कागदासारखा होतो आणि जन्मभर राहतो.

वैदर्भी · २७ जून

हे पटलं, कारण माझ्या बाबतीत झालंय. एप्रिलमध्ये शेडनेटखालचं रोप आणलं आणि त्याच दिवशी गच्चीवर ठेवलं. ४४ डिग्री होती. चार दिवसांत नैर्ऋत्येची बाजू उकडलेल्या बटाट्यासारखी झाली. मला वाटलं रोप कमजोर होतं. म्हणजे सवय न करता नेलं हे चुकलं?

मुरूमप्रेमी · २७ जून

हो. नर्सरीत सावलीत वाढलेलं रोप थंडीत आणावं आणि ऊन हळूहळू वाढवत न्यावं. एप्रिलमध्येच आणलं तर पहिला महिना फक्त सकाळचं ऊन. विदर्भात मे महिन्यात मोठ्या झाडावरसुद्धा दुपारपुरती अर्ध्या सावलीची जाळी धरलेली बरी. जाळीखाली कायम ठेवायचं मात्र नाही. उजेड कमी पडला की हा निवडुंग गोल राहत नाही, वर निमुळता ताणला जातो आणि काट्यांचा सोनेरी रंग जातो.

वाळूतला_मराठी (फिनिक्स, ॲरिझोना) · २८ जून

इथे घराघरांपुढे, बँकांपुढे, दुकानांपुढे गोल्डन बॅरलच्या रांगा आहेत. उन्हाळ्यात ४५ डिग्री नेहमीचं, तरी मोठी झाडं जमिनीत आरामात उभी असतात. नव्याने लावलेली मात्र इथेही भाजतात. म्हणून नर्सरीतून झाड घेताना त्याच्या एका बाजूला खूण केलेली असते, ती बाजू आधी जिकडे होती तिकडेच करून लावायची. सावलीतली बाजू अचानक दक्षिणेच्या उन्हात आली की गेली. @सोलापूरची_लेक, गोळा परत लावताना जुने फोटो बघून ऊन झेललेली बाजू पश्चिमेला ठेवा.

थंडीत कडाक्याची रात्र आली तर आम्ही जुन्या चादरी पांघरतो त्यांना. संध्याकाळी गल्लीतून चाललं की पांघरूण घेतलेली गोल गोल डोकी दिसतात.

आणखी एक, कॅलिफोर्नियात हंटिंग्टनच्या बागेत पाचशेहून जास्त मोठे गोल्डन बॅरल आहेत, त्यांतले सगळ्यात जुने १९१५ पूर्वी बियांपासून लावलेले. मे महिन्यात गेलो होतो तेव्हा कित्येकांच्या माथ्यावर पिवळ्या फुलांचं कडं होतं. अण्णांबद्दल वाचलं आणि तेच डोळ्यांपुढे आलं.

सोलापूरची_लेक · २८ जून

@वाळूतला_मराठी, तो फोटो असेल तर नक्की टाका. अण्णांनी कडं फक्त मासिकात पाहिलं होतं.

अण्णांच्या जुन्या फोटोत गोळ्यामागे तुळशीवृंदावन आहे, त्यावरून दिशा लागली. खूण म्हणून एका काट्याला लाल दोरा बांधलाय.

हिरवा_चुडा · ३० जून

धागा वाचतेय. माझे दोन प्रश्न आहेत, नवीन आहे. गोल्डन बॅरल, त्रिधारी निवडुंग, फड्या निवडुंग हे सगळे एकच का? आणि मी नर्सरीतून लाल गोळ्याचा निवडुंग आणला, खाली हिरवी तीन धारांची दांडी आहे. तो लाल गोळा सुरकुततोय.

बीजांकुर (सांगली) · ३० जून

एक नाहीत. आपल्या कुंपणाचा त्रिधारी निवडुंग हा शेराचा भाऊबंद. मोडला की पांढरा चीक निघतो, डोळ्यांत गेला तर घातक. तो खरा कॅक्टस नाही. कॅक्टस ओळखायचा त्याच्या काट्यांच्या गादीवरून. काटे थेट खोडातून न येता लहानशा लोकरी टिकलीतून झुबक्याने येतात. ती टिकली असली तर कॅक्टस, आणि बहुतेकांचा चीक पांढरा नसतो.

फड्या निवडुंग खरा कॅक्टस आहे, पण आपला नाही. जवळजवळ सगळे कॅक्टस मुळात अमेरिका खंडांतले. फड्या इथे आला त्यामागे किरमिजी रंगाचा व्यापार आहे. हा रंग देणारा कोचिनियल किडा फड्यावर जगतो. १७९५ मध्ये ब्रिटिशांनी तो किडा भारतात आणवला. आला तो चुकीच्या जातीचा, रंग हलका निघाला. पण त्या किड्याने फड्याच्या एका जातीची बनंच्या बनं संपवली. आजही रानात फड्यावर पांढरा कापूस दिसला तर बोटाने चिरडून बघा, बोट लालभडक होतं. मी शाळेत असताना वहीच्या पानावर त्याने नाव लिहायचो.

आणि तुमच्या-आमच्या दारातलं ‘ब्रह्मकमळ’, जे रात्री फुलतं आणि शेजाऱ्यांना बघायला बोलावतो, तेही कॅक्टसच. मेक्सिकोपासून मध्य अमेरिकेपर्यंतच्या दमट जंगलात झाडांवर वाढणारा. त्याला काटे नाहीत आणि ओलावा आवडतो. हिमालयातलं ब्रह्मकमळ पूर्ण निराळं झाड आहे.

तुमचा लाल गोळा कलमाचा आहे. त्याच्यात हिरवं द्रव्य नाही, स्वतःचं अन्न करता येत नाही. खालची तीनधारी दांडी ड्रॅगन फ्रूटच्या जातीची, जे आमच्याकडे सांगली-सोलापूरकडे आता शेतात लावतात. दांडीने पोसायचं, गोळ्याने खायचं. म्हणून त्याला गोल्डन बॅरलपेक्षा थोडं जास्त पाणी आणि कमी ऊन लागतं. दांडी टणक आहे का बघा. दांडी मऊ पडली असेल तर गोळा कापून ड्रॅगन फ्रूटच्या नव्या तुकड्यावर परत बसवता येतो, दोन्हींची आतली कडी एकमेकांना टेकली पाहिजेत. करून बघायचं असेल तर वेगळा धागा काढू.

हिरवा_चुडा · १ जुलै

ब्रह्मकमळ कॅक्टस! आईला आत्ताच फोन करून सांगितलं. दांडी टणक आहे, उन्हातून आत घेतला.

सोलापूरची_लेक · १९ जुलै

खड्ड्यावर कडक खपली धरली आहे, टिचकी मारली तर टकटक वाजते. पण गोळा बारीक होतोय. कंगोरे आत गेलेत, पेटीच्या भात्यासारखे मिटलेत. माथ्यावर मधोमध पांढरी-पिवळी लोकर दिसतेय, ती पिठ्या ढेकणाची असेल का? शेजारच्या काकू म्हणाल्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढ.

मुरूमप्रेमी · १९ जुलै

पुसू नका! ती त्याची स्वतःची लोकर आहे. कोवळे काटे आणि पुढे फुलं त्यातूनच येतात. पिठ्या ढेकूण बसतो तो कंगोऱ्यांच्या खाचेत, काट्यांच्या मुळाशी, बुडाशी. तिथे कापसाचे सुटे ठिपके दिसले आणि चिकटपणा किंवा मुंग्या असल्या तर स्पिरिटचा बोळा. तेलकट औषधं मात्र नकोत, कडुनिंबाच्या तेलाने कातडीवरचा मेणाचा थर जातो आणि ऊन लागलं की डाग पडतात.

भात्यासारखा मिटणं हे चांगलं लक्षण आहे. कंगोरे त्यासाठीच असतात, पाणी कमी झालं की मिटायचे, मिळालं की फुगायचे. कातडी फाटत नाही.

शेतकी_पोर · २० जुलै

थोडी भर घालतो, कॉलेजात हे शिकलोय. बहुतेक झाडं दिवसा रंध्रं उघडून हवा घेतात आणि तेव्हाच पाणी उडतं. कॅक्टस दिवसा रंध्रं मिटून ठेवतो, रात्री गारव्यात उघडतो, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा उजेडात वापरतो. म्हणून महिनाभर पाण्यावाचून जगतो. पण वाढीचा वेगही त्यामुळेच मंद. खत घालून पळवायला जाऊ नका, नत्र जास्त झालं की पोट फुगतं, कातडी पातळ राहते आणि कूज पुन्हा लागते.

दापोलीकरीण · २१ जुलै

आता लावायची घाई नको. माझं मत, गणपती होऊ द्या.

मुरूमप्रेमी · २१ जुलै

मी म्हणेन ऑगस्टच्या मध्याला कोरड्या मुरमावर नुसता टेकवा. मुळं फुटायला उबदार हवा लागते. दसऱ्यापर्यंत थांबलो तर पुढे थंडी आणि झाड झोपेल.

दापोलीकरीण · २१ जुलै

काका, पनवेलला थंडी असते तरी किती? ऑक्टोबरात उलट ऊन कडकडीत. श्रावणातल्या हवेत कोरडा मुरूमसुद्धा ओलसर होतो, मी हात लावून बघितलाय.

मुरूमप्रेमी · २२ जुलै

हे मात्र मान्य. पुण्याचं पंचांग पनवेलला लावत होतो. तुम्ही म्हणता तसं करू द्या त्यांना.

त्या निमित्ताने एक मनातलं लिहितो, कारण ‘वाळवंटातलं झाड, पाऊस नको’ हे वाक्य मी पंचवीस वर्षं ऐकतोय आणि त्यात अर्धीच गोष्ट आहे. गोल्डन बॅरलचं घर मध्य मेक्सिकोत, केरेतारो आणि हिडाल्गो राज्यांच्या सीमेवर, मोक्तेसुमा नदीच्या खोल घळीत. तिथेही पाऊस आपल्यासारखा जून ते सप्टेंबरातच पडतो आणि थंडी कोरडी जाते. म्हणजे पावसाळ्यात वाढायचं, थंडीत निजायचं हे त्याच्या अंगातच आहे. पाऊस त्याला हवा असतो. फरक असा की तिथे तो तीव्र उतारावर, कड्याच्या कपारीत उभा असतो. सर आली, मुळांना भिजवून गेली, तासाभरात खडक तापून कोरडा. आपण त्याला सपाट कुंडीत बसवतो आणि पाणी तिथेच मुक्काम करतं.

म्हणून ज्यांना झाडं चांगली आहेत त्यांनी पावसाळाभर कोरडी डांबून ठेवू नका. देशावर उघड्यावर ठेवा, फक्त मिश्रण असं करा की वरून ओतलेलं पाणी दोन श्वासांत खालून बाहेर पडेल. माझं मिश्रण साधं आहे. डोंगरकडेचा कडक मुरूम चाळून ज्वारीपासून हरभऱ्याएवढा, धुऊन त्यातलं पीठ काढलेला, तीन भाग. विटांचे तुकडे एक भाग. लाल माती अर्धा, जुनं शेणखत अर्धा. बोटांनी दाबून भुगा होतो तो मुरूम घेऊ नका, वर्षात चिखल होतो. समुद्राची वाळू नको, खारी असते. कुंडी मातीची, झाडापेक्षा दोन बोटंच मोठी, कारण जास्तीची माती म्हणजे जास्तीचा ओलावा. बुडाभोवती वर खड्यांचा थर घाला म्हणजे खोडाला ओली माती चिकटत नाही.

कोकणपट्टीत मात्र दापोलीकरीण म्हणतात तसं पारदर्शक छप्पर हवंच. पाऊस थांबून तासाभरात सुकण्याची सोयच तिथे नाही.

दापोलीकरीण · २२ जुलै

माझं छप्पर पॉलिकार्बोनेटच्या पत्र्याचं आहे, चारी बाजू मोकळ्या. बाजू बंद केल्या की भट्टी होते. पावसाळ्यात पंधरवड्यातून एखादी उघडीप मिळाली आणि कुंडी उचलून हलकी लागली तरच सकाळी पाणी. वजन हाच माझा काटा.

सोलापूरची_लेक · २२ जुलै

काका, मोक्तेसुमाची घळ आता कशी आहे? तिथे अजून ही झाडं आहेत का?

मुरूमप्रेमी · २३ जुलै

फार थोडी. १९९० च्या दशकात त्या नदीवर झिमापानचं धरण बांधलं आणि घळीतला मोठा भाग पाण्याखाली गेला. काही झाडं लोकांनी आधी उचलून वाचवली. त्याच्या आधी आणि नंतर चोरून उपटणाऱ्यांनीही पुष्कळ नेली. आज हा निवडुंग जगभर बागांत लाखोंनी आहे आणि स्वतःच्या घरी संकटात आलेल्या जातींच्या यादीत आहे. जवळजवळ सगळं कॅक्टस कुळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात बांधलेलं आहे ते यासाठीच, परवान्यावाचून परदेशातून आणता येत नाही. २०१५ च्या जागतिक पाहणीत कॅक्टसच्या सुमारे ३१ टक्के जाती धोक्यात निघाल्या होत्या.

म्हणून माझी सगळ्यांना कळकळीची विनंती, बियांपासून वाढवलेलीच रोपं घ्या. कोणी ‘मूळ रानातलं’ म्हणून महाग विकत असेल तर घेऊ नका.

सोलापूरची_लेक · २३ जुलै

वाचून उजनी आठवलं. अण्णांचं आजोळ भीमेकाठचं, धरणात गेलेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, ते बघायला ते आम्हाला न्यायचे. त्यांना गोळ्याच्या घळीचं माहीत होतं की नाही, कुणास ठाऊक.

बीजांकुर · २५ जुलै

रोपांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, हा निवडुंग सहसा पिल्लं देत नाही, वाढवायचा तर बियांपासूनच. बी खसखशीहून थोडं मोठं, काळं. फेब्रुवारीच्या शेवटी चाळलेल्या मिश्रणावर पसरायचं, वर माती घालायची नाही, झाकणाच्या पारदर्शक डब्यात ओलावा धरायचा. आठवड्या-दोन आठवड्यांत हिरवे मणी दिसतात. वर्षाने वाटाण्याएवढे. माझ्याकडे पाच वर्षांची रोपं आहेत, मोठ्या लिंबाएवढी झालीत.

नावाचंही सांगून ठेवतो. मागदेबुर्गचे एक उद्योगपती हेरमान ग्रुसोन, त्यांचा निवडुंगांचा मोठा संग्रह होता, त्यांच्यावरून ‘ग्रुसोनी’. त्यांच्यानंतर तो संग्रह शहराला मिळाला आणि १८९६ पासून ती काचघरं लोकांना खुली आहेत. पूर्वी एकिनोकॅक्टस ग्रुसोनी म्हणत, २०१४ मध्ये काहींनी क्रोएनलीनिया असं वेगळं वंशनाव दिलं. पाटीवर दोन्हींपैकी काहीही दिसलं तरी झाड तेच.

वैदर्भी · २६ जुलै

आणि फूल? किती वर्षांनी?

बीजांकुर · २६ जुलै

वर्षांपेक्षा आकार बघा. साधारण ३५-४० सेंटिमीटर रुंद झाल्यावर, तेही दिवसभर ऊन मिळत असेल तर. गोळा १०७ घेराचा म्हणजे ३४ रुंद. अण्णा अगदी उंबरठ्यावर आणून ठेवून गेलेत.

सोलापूरची_लेक · १२ ऑक्टोबर

गणपतीनंतर लावायचा ठरला होता, पण यंदा पाऊस लांबला, म्हणून परवा लावला. मातीची कुंडी कुंभाराकडून करून घेतली. मुरूम सासऱ्यांनी त्यांच्या गावाहून पोतंभर आणला आणि सगळ्यांनी मिळून चाळला. लाल दोऱ्याचा काटा पश्चिमेला. खपलीशेजारी तांदळाएवढी तीन पांढरी टोकं दिसली, ती मुळंच ना? फोटो बघा.

दापोलीकरीण · १२ ऑक्टोबर

मुळंच! आठ दिवस कोरडं ठेवा, मग कडेकडेने पेलाभर पाणी. बुडावर नाही.

मुरूमप्रेमी · १२ ऑक्टोबर

ताई, फार बरं वाटलं. भिंतीकडून दोन विटांचा आधार द्या, हलता कामा नये. हललं की कोवळी मुळं तुटतात.

सोलापूरची_लेक · गुढीपाडवा

सगळ्यांना पाडव्याच्या शुभेच्छा.

थंडीत तीनदाच पाणी दिलं. माघ संपताना माथ्यावरच्या लोकरीतून नवे काटे आले, मधासारखे पिवळे, बोट लावलं तर अजून मऊ. विटा काढून बघितल्या, आता हलत नाही.

आज गुढी उभारल्यावर टेप घेतली. एका बाजूने सासूबाईंनी धरली. गेल्या पाडव्याला माझ्याकडून मोजायचं राहून गेलं होतं, ती ओळ तशीच कोरी ठेवली आणि खाली माझ्या अक्षरात लिहिलं: १०२ सें.मी.

मुरूमप्रेमी · गुढीपाडवा

भाता अजून पुरता उघडलेला नाही. पहिले दोन पाऊस छपराबाहेर घ्या, मग परत मोजा.